शेवयांचं दुसरं मशीन

आमच्या गावात शेवयांचं एकच मशीन होतं आणि ते माझ्या काकूचं होतं. ही गोष्ट मी पहिल्यांदा लिहिली ती इंग्रजीत, अनोळखी माणसांना वादात हरवण्यासाठी.

त्या वर्षी मी बी.कॉम. होऊन घरी आले होते आणि बँकेच्या परीक्षा देत होते. आमचं गाव आखाडा बाळापूरच्या पुढं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, रोज पिवळ्या बसनं जाऊन-येऊन झालेली, त्यामुळं गावात माझ्या वयाच्या मुली ओळखीच्या होत्या, मैत्रिणी नव्हत्या. चारचौघांत कोणी मला काही विचारलं की मी पाणी आणायला उठते. आई म्हणते, हिला घशाऐवजी पायानं उत्तर द्यायची सवय आहे.

फोनवर मात्र मी बोलायचे. अर्थशास्त्रावर, राजकारणावर फावल्या वेळात भांडणाऱ्यांचा एक ऑनलाइन अड्डा मला सापडला होता. तिथं माझं नाव नव्हतं, फोटो नव्हता. दोघं-तिघं मला 'ब्रो' म्हणत आणि मी त्यांना दुरुस्त करत नसे. एकदा तिथं कोणीतरी विचारलं की सगळा धंदा एकाच कंपनीच्या हातात गेला तर सरकारनं मध्ये पडावं का. दोन्हीकडून नेहमीची फेकाफेक सुरू झाली. एकानं लिहिलं, बाजार मोकळा सोडा, तो आपला आपण सुधारतो. दुसऱ्यानं लिहिलं, मोकळा बाजार फक्त पुस्तकात असतो, खऱ्या जगात जो आधी आत जातो तो दार लावून घेतो. मी मोकळ्या बाजाराच्या बाजूची होते. मी लिहिलं, कंपन्यांचं सोडा, माझ्या घराला लागून एक मक्तेदार राहते.

मग मी काकूबद्दल सांगितलं. होळी झाली की पाऊस येईपर्यंत तिचं अंगण बायकांनी भरलेलं असायचं. गहू ओलवून, वाळवून, बारीक दळून, चाळून बायका पिठाचे डबे घेऊन यायच्या आणि ओळीनं मांडून ठेवायच्या. काकू प्रत्येक डब्यात हात घालायची, पीठ बोटांत चोळायची आणि निकाल द्यायची.

"ह्याच्यात कोंडा हाय. चाळून आण."

"अवो, दोनदा चाळलंय."

"मग तिसऱ्यांदा चाळ. शेवाया तुटल्या की नाव माझं निघतं, तुझं न्हाई."

डब्यांची ओळ असली तरी नंबर ओळीनं लागेलच असं नव्हतं. घरच्या बारशाला काकूला बोलवायचं जी विसरली असेल, तिचा डबा ऊन डोक्यावर येईपर्यंत जागचा हलायचा नाही. तरी सगळ्या थांबायच्या, कारण पुढचं मशीन बाळापुरात होतं. ओल्या शेवया ऑटोतून घरी आणेपर्यंत त्यांचा लगदा होतो. म्हणजे काकूशिवाय पर्याय नव्हता.

लोकांना हे फार आवडलं. फक्त एकानं, किंवा एकीनं, प्रश्न विचारला. त्या माणसाच्या चित्रात चहाचा पेला होता, म्हणून मी मनात त्याला पेलाच म्हणायचे. पेल्यानं विचारलं, "ती भाव जास्त लावते का?"

"नाही," मी लिहिलं. खरंच लावत नव्हती.

"मग मक्तेदारीतून तिला मिळतं काय?"

मी थोडा वेळ विचार करून लिहिलं, "मान."

"आणि रांगेतल्या बायका तोवर काय करतात?"

"थांबतात. रांगेत माणसं आणखी काय करतात?"

या उत्तरावर मला पंचवीस-तीस लाइकचे लाल बदाम मिळाले आणि मी खूश झाले.

दिवाळीनंतर एक दिवस आत्या आली. ती आमच्या नात्यातली नाही, पण गावाची लेक, म्हणून सगळ्या लेकरांची आत्या. नवरा-बायको सासर सोडून इकडंच राहायला आलेले, सडकेला लागून त्यांचं पत्र्याचं शेड होतं. आत्या बचत गटात होती. ती म्हणाली, "पोरी, तुला ऑनलाइनचं येतं न? माझा एक फॉर्म भरून दे."

फॉर्म मशीनसाठी कर्जाचा होता. मी विचारलं, "कशाचं मशीन, आत्या?"

"शेवायाचं." तिनं काकूच्या बाजूच्या भिंतीकडं बघितलं. "तुझ्या काकूला आत्ताच बोलू नको. आलं की मीच सांगीन."

नेट चालत नाही असं मी सांगू शकले असते. पण नव्यानं येणाऱ्याला दार उघडं पाहिजे, असं मी कितीतरी दिवस लोकांना ऐकवत होते. स्वतःच्या घरापाशी आल्यावर माघार घेणं मला लबाडी वाटली. मी फॉर्म भरला. 'व्यवसायाची गरज' या रकान्यात लिहिलं की गावात ही सेवा अपुरी आहे, महिलांना फार काळ ताटकळावं लागतं. वाक्य चांगलं झालं होतं. भिंतीपलीकडं काकू कोणालातरी हाका मारत होती. तो आवाज ऐकत मी सबमिटचं बटण दाबलं.

होळीला मशीन आलं. काकूच्या मशीनपेक्षा मोठं, चकाकणारं, तीन जाडीच्या तीन जाळ्या असलेलं. सडकेवर फ्लेक्स लागला: फोन करा आणि या, थांबायची गरज नाही. भाव किलोमागं दोन रुपये कमी.

पाडव्यापर्यंत काकूच्या अंगणात तीन डबे यायला लागले, मग एक, मग एखाद्या दिवशी तोही नाही. काकू रोज सकाळी मशीन पुसायची, जाळी धुऊन उन्हात ठेवायची आणि दाराकडं तोंड करून बसायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "बरं हाय, हाताला आराम."

काकांनी एक दिवस जेवता जेवता विषय काढला. मी ताक द्यायला गेले होते. "ती खोली मोकळी होईल तर हळद ठेवता येईल," ते म्हणाले. "बाळापूरचा एकजण मशीन मागून राहिला. अक्षय तृतीयेपर्यंत बघू, न्हाईतर देऊन टाकू."

"द्या ना," काकू म्हणाली. "आन् मला न्या तुमच्यासंगं निंदायला. खुरपं तेवढं नवं घ्या."

काकांनी ताकासाठी वाटी पुढं केली, पण शब्द मागं घेतला नाही. ते मशीन काकूनं कोणालाही न विचारता घेतलं होतं. घर काकांचं, शेत दोघा भावांचं, म्हैस आजीच्या नावानं ओळखली जायची. काकू 'माझं' म्हणायची ते एका मशीनलाच. वर्षातले नऊ महिने ती कोणाची तरी बायको, कोणाची तरी जाऊ असायची आणि तीन महिने सगळं गाव तिच्या हाताकडं बघायचं. ते जाणार होतं, आणि त्याचा फॉर्म मी भरला होता.

अड्ड्यावर मी यातलं काही लिहिलं नाही. तिथं मी विजयाची बातमी दिली: स्पर्धा आली, भाव उतरला, रांग संपली. अभिनंदनाचा पाऊस पडला. पेल्यानं विचारलं, "आणि शेवया?"

"शेवयांचं काय?"

"चांगल्या होतात का?"

मला माहीत नव्हतं. आमच्या घरच्या अजून व्हायच्या होत्या. आई रोज पीठ उघडून बघायची आणि झाकून ठेवायची. तिलाही नवं मशीन बघायचं होतं, पण सख्ख्या जावेला सोडून तिकडं जाणं तिला शोभलं नसतं. शेवटी तिनं युक्ती काढली. "तू जा घेऊन. तू काय, पोरगी. पोरीला कोण विचारतंय."

मी पिठाची बादली स्कूटीच्या पुढ्यात ठेवून गेले. आत्या शेडमध्ये एकटीच होती. मला बघून उभी राहिली. "ये गं ये! बघ, हाय का कोणी? आली की लगेच नंबर!"

तिनं पीठ भिजवलं, मशीनमध्ये ओतलं आणि बटण दाबलं. मला वाटलं होतं जरा वेळ लागेल. जाळीतून एकदम पडदाच खाली आला.

"धर, धर, बाई, झेल!"

मी दोन्ही हात पुढं केले. शेवया कोमट होत्या आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा जड. आत्यानं ओरडून सांगितलं तशी मी कात्रीनं त्या कापल्या आणि हातावर घेऊन बाजेकडं पळाले. बाजेवर जुनं धोतर अंथरलं होतं. त्यावर पसरायला गेले तर अर्ध्या माझ्या कोपराला चिकटलेल्या. त्या सोडवेपर्यंत मागं परातीत ढीग पडला होता. आत्या पीठ लोटायचं सोडून येऊ शकत नव्हती. मशीन बंद केलं तर जाळीत पीठ वाळून बसतं.

"संगं कोणी न्हाई आणलं?"

"तुम्हीच म्हणालात ना, थांबायचं नाही, या."

"थांबायचं न्हाई म्हणले, एकटी ये कुठं म्हणले?"

बादलीभर पिठातल्या निम्म्याच्या शेवया झाल्या, निम्म्याचा गोळा झाला. आत्यानं मशीन बंद केलं आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली. मघाचा उत्साह तिच्या तोंडावर राहिला नव्हता.

"सगळ्यायचंच असं होऊन राहिलं," ती म्हणाली. "परवा एकीनं गोळा माझ्या दारात आणून टाकला. म्हणली, दोन रुपये वाचले आन् पीठ गेलं. मशीन तर ह्याच्याहून चांगलं मिळत न्हाई. वहिनीकडं कशा काय बराबर व्हायच्या?"

ती काकूला वहिनी म्हणायची. मी हाताला वाळलेलं पीठ खरवडत होते आणि मला उत्तर माहीत होतं. लहानपणापासून ते माझ्या खिडकीसमोर घडत होतं. जिचा नंबर पुढचा असेल ती चालू असलेल्या बाईच्या शेवया झेलायची. त्यानंतरची कात्री चालवायची. दोघी-तिघी बाजेवर पसरायच्या, म्हातारी एखादी काठी घेऊन कोंबड्या हाकलायची. मग जिचं झालं ती लगेच घरी जायची नाही, पुढचीच्या शेवया झेलून मग जायची. हे कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. काकूनंसुद्धा नाही. मी हे सगळं बघितलं होतं आणि लिहिलं होतं की त्या थांबतात.

घरी येऊन मी पेल्याला लिहिलं, "रांगेतल्या बायका एकमेकींच्या शेवया झेलतात. माझं चुकलं होतं."

वाद नव्यानं पेटला. एक म्हणाला, साधी गोष्ट आहे, नवीन बाईनं दोन मजूर ठेवावेत. दुसरा म्हणाला, मग तिचा भाव जुन्या बाईच्या वर जाईल, तिच्याकडं कोण येईल? तिसऱ्याला हे शोषण वाटलं: म्हणजे मक्तेदार गिऱ्हाइकांकडून फुकट काम करून घेत होती. चौथ्यानं त्याला झापलं, ती कुठं घेत होती, त्या एकमेकींना देत होत्या. पेल्यानं शेवटी एवढंच लिहिलं: "म्हणजे ती शेवया कमी आणि रांग जास्त विकत होती. तिला ठाऊक आहे का?"

नव्हतं ठाऊक. अक्षय तृतीयेला सात-आठ दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूकडं गेले. ती जाळी घासत होती. मी उंबऱ्यात उभी राहिले. पाणी आणायला जायला जागा नव्हती, म्हणून बोलून टाकलं.

"काकू, आत्याचा फॉर्म मी भरला होता."

"ठावं हाय."

"कोणी सांगितलं?"

"गावात फॉर्म दुसरं कोण भरतं? एक तू, एक तो सेतूवाला. त्यानं भरला असता तर अजून मंजूर झाला नसता." तिनं जाळी उजेडात धरून बघितली. "तुझं काय घेऊन बसलीस. फॉर्म तू भरला, मशीन मी सांगितलं."

"म्हणजे?"

"माझ्याकडंच आली होती विचारायला. म्हणली, वहिनी, आमच्या सासरकडं एकीला घ्यायचं हाय, कोणतं चांगलं? मला बी मोठेपणा आला. म्हणलं दोन हॉर्सपॉवरचं घे म्हणावं, एकदम भरभर टाकतं. सासरकडंच घेती ही!" ती हसली, पण हसू लवकर संपलं. "मी स्वतः मात्र एकचंच घेतलं होतं. दोनचं हाताला झेपत न्हाई."

मी तिला शेडमध्ये काय झालं ते सांगितलं. परातीतला ढीग, कोपराला चिकटलेल्या शेवया, निम्म्याचा गोळा. ती मध्येच म्हणाली, "झेलायला कोण कोण होतं?"

"मी एकटीच."

"एकटी! दोन हॉर्सपॉवरला एकटी?" तिला खराच राग आला, जसा कोणी चांगली म्हैस चुकीच्या हातानं पिळल्यावर यावा. मग तिचे डोळे बारीक झाले. "थांब. म्हणजे जाऊबाईनं पीठ तिकडं धाडलं?"

मी खाली बघितलं. आईचं नाव मी एकदाही घेतलं नव्हतं. पण पिठाची बादली आमचीच होती, हे कळायला काकूला नाव लागत नव्हतं.

ती जाळी ठेवून उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चल."

गावातून सडकेपर्यंत ती पुढं आणि मी मागं. मला वाटलं भांडण होणार, आणि मी मनात आत्याची बाजू घ्यायची की काकूची हे ठरवत होते. शेडमध्ये मशीन चालू होतं. गावातली एक सून कडेवरचं लेकरू सावरत एका हातानं शेवया झेलायचा प्रयत्न करत होती. काकू सरळ तिच्या जागी उभी राहिली आणि दोन्ही हात खाली धरले. पडदा तिच्या मनगटांवर आला तसा ती मागं सरकली, मला मानेनं खूण केली, मी कात्री चालवली, ती बाजेकडं वळली. एकही शेवई चिकटली नाही. आत्या फक्त तिच्या हातांकडं बघत होती.

मशीन बंद झालं. काकूनं हात झटकले.

"मोटार चांगली हाय हो, वन्सं."

"तुमीच सांगितली होती, वहिनी."

"व्हय. तिथंच चुकलं माझं."

आत्याला हसावं की रडावं कळेना. "खोटं बोलले मी, वहिनी. कोणत्या तोंडानं सांगावं म्हणून आले न्हाई तुमच्याकडं. पण आता माझी बी तकलीफ ऐका. बाया म्हणत्यात, तिकडं थांबावं लागतं आन् इकडं गोळा होतो. पुढच्या साली कोणीच येणार न्हाई, ना तुमच्याकडं ना माझ्याकडं. घरोघर हातानं वळायला बसतील."

"आजकालच्या पोरी? हातानं?" काकू म्हणाली. मग ती बाजेवरच्या शेवयांची कड सरळ करत बसली आणि त्या शेवयांशीच बोलल्यासारखं म्हणाली, "एकाच दिवशी दोन दारं उघडी काहून ठेवायची?"

पुढचं त्या दोघींनी दहा-बारा मिनिटांत ठरवलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार काकूचं मशीन. मंगळवार, गुरुवार, शनिवार आत्याचं. ज्या दिवशी एकीचं चालू, त्या दिवशी दुसरीचं बंद, म्हणजे सगळ्या बाया एका जागी येतील आणि झेलायला हात राहतील. शिवाय जिचं बंद असेल तिनं दुसरीकडं येऊन पसरू लागायचं.

"आन् भाव?" आत्यानं विचारलं.

"एकच ठेवू. तुझ्या भावात लाइटबिल तरी निघतं का?"

"न्हाई निघत."

"मग माझाच ठेव."

हे मी ऐकत होते. या गोष्टीला एक नाव आहे आणि मी त्याच्याविरुद्ध पानं भरभरून लिहिलं होतं. मी कधी चारचौघांत बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. "काकू, दोघींनी मिळून असा भाव ठरवणं... कंपन्यांनी केलं तर तो गुन्हा असतो."

दोघी माझ्याकडं वळल्या. "काहून?" काकूनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

इंग्रजीत मला याच्यावर दोन पानं लिहिता आली असती. मराठीत मी म्हणाले, "कारण मग गिऱ्हाइकाला पर्याय राहत नाही."

"हाय की," आत्या म्हणाली. "सोमवारी या, न्हाईतर मंगळवारी या."

"आन् माझे दोन रुपये गेले ते?" लेकरू घेतलेली सून बोलली. तिच्याकडं आमच्यापैकी कोणाचंच लक्ष नव्हतं.

"तुझ्या शेवाया आत्ता कोणी झेलल्या?" काकूनं विचारलं.

"तुमी."

"मग?"

सून बाजेकडं बघत राहिली. शेवया केसासारख्या सरळ पडल्या होत्या. "गेले म्हणायचे," ती म्हणाली. तिला पटलं होतं असं मला वाटत नाही, पण ती भांडलीही नाही. लेकरू दुसऱ्या कडेवर घेऊन तिनं शेवयांवर पातळ फडकं टाकलं.

अक्षय तृतीयेच्या दोन दिवस आधी बाळापूरचा माणूस छोटा टेम्पो घेऊन आला. बुधवार होता. अंगणात डब्यांची ओळ होती, आत्या बाजेवर वाकून पसरत होती, आणि माझी आई, जी त्या दिवशी पहिल्यांदा आली होती आणि जिला काकूनं मुद्दाम सगळ्यांत शेवटचा नंबर दिला होता, एका काठीनं कोंबड्या हाकलत होती. टेम्पोवाला दारात उभा राहून हे बघत राहिला. काकांनी त्याला चहा पाजला आणि टेम्पो रिकामा परत पाठवला. जाताना त्याला म्हणाले, "हळदीसाठी दुसरीकडं जागा बघावी लागंल."

संध्याकाळी काकू मशीन धूत होती. मी बादलीनं पाणी देत होते. मला अजून एक गोष्ट समजत नव्हती, आणि अड्ड्यावर विचारण्याआधी मी ती तिलाच विचारली.

"काकू, उद्या गावात कोणी तिसरं मशीन आणलं तर?"

"आणू दे की," ती म्हणाली. "तिला बी वार देऊ."

मी बोटांवर मोजलं. एकच वार शिल्लक होता, रविवार.